प्रेमकथा-कॉमिक्सच्या धर्तीवर पॉप आर्ट चित्र: ठिपके फुटतात, मराठी फुगा जमत नाही

रेघोटी (नागपूर)

नमस्कार मंडळी. ९० बाय ९० सेंमीचा सुती कॅनव्हास आहे, रंग अ‍ॅक्रिलिक. साठच्या दशकातल्या अमेरिकन प्रेमकथा-कॉमिक्सच्या चौकटीसारखे चित्र करून राहिले आहे. चौकट माझीच आहे, कुठून उचललेली नाही. एका मुलीचा चेहरा अगदी जवळून, डोळ्यात पाणी, मागे इथल्या फुटाळा तलावाचा कठडा, आणि वर फुग्यात मजकूर: "फुटाळ्यावर ये म्हणाला, आणि स्वतःच आला नाही!" केस निळे, मागची बाजू पिवळी, चेहरा पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा.

वेगळ्या तुकड्यावर चाचणी घेतली. १ मिमी जाडीचा जाळीचा पत्रा वापरला, भोक ५ मिमी, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी. रंगात थोडे पाणी घालून चपट्या ब्रशने मारला. तीन अडचणी दिसतात. ठिपक्यांच्या कडा फुटतात. जाळी सरकवून पुढे ठेवली की जोड स्पष्ट दिसतो. आणि ठिपके हळूहळू बारीक होत जातात, त्यामुळे एक गाल दुसऱ्यापेक्षा फिका येतो. खोलीत कूलर चालू असतो.

शिवाय मराठी अक्षरे फुग्यात टाकली की कॉमिक न वाटता दुकानाची पाटी वाटते. आणि एवढ्या कॅनव्हासला रंग किती घ्यावा, तेही सांगा.

जाळीकाम

रेघोटीताई, कडा फुटण्याचे कारण पाणी आणि ब्रश, दोन्ही. ब्रश आडवा फिरला की रंग भोकाच्या भिंतीवर आदळून पत्र्याखाली ढकलला जातो. पाणी घातलेला रंग तिथून कॅनव्हासच्या विणीत शिरतो. ट्यूबमधला घट्ट रंग तसाच वापरा, पाण्याचा थेंबही नको. साध्या फोमचा २-३ सेंमीचा तुकडा घ्या, रंगात टेकवा, मग कागदावर चार-पाचदा आपटून जवळजवळ कोरडा करा. तो सरळ वरून खाली ठोकायचा, घासायचा नाही. पहिल्या हातात ठिपका अर्धवट, फिकट दिसेल. दिसू द्या. पाच-सात मिनिटांनी दुसरा हात द्या. एका हातात गडद करायला गेलात की पुन्हा फुटणार.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास मधोमध दाबला की खाली जातो, पत्रा मात्र सपाट राहतो. मग दोघांत फट पडते आणि रंग तिच्यात पसरतो. म्हणून कॅनव्हास टेबलावर पालथा ठेवा, मागच्या लाकडी पट्ट्यांच्या आत बरोबर बसेल असा प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा कापून भरा, आणि मग सरळ करा. आधाराची जाडी पट्ट्यांच्या जाडीएवढी हवी. कमी पडली तर खाली वर्तमानपत्राच्या घड्या घाला.

वीणही बुजवा. बाजारातल्या तयार कॅनव्हासवर जेसोचा (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) हात पातळ असतो. वरून आणखी ३ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याच्या काटकोनात, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोटाला वीण लागली नाही पाहिजे. ठिपका गोल येतो की काटेरी, याचा अर्धा निकाल इथेच लागतो.

आता गाल फिका का होतो. नवतपाच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिक भोकाच्या कडेवर बघता बघता वाळते. प्रत्येक वेळी एक पातळ कडे तयार होते आणि भोक आवळत जाते. हिशेब करून बघा: आलटून-पालटून ओळींच्या जाळीत ५ मिमी भोक आणि ८ मिमी अंतर असेल तर सुमारे ३५ टक्के जागा रंगते. तेच भोक आवळून ४ मिमी झाले की २३ टक्केच. भोकात एका मिलिमीटरचा फरक, पण लांबून बघणाऱ्याला रंगछटाच बदललेली दिसते. दर दोन-तीन वेळा ठेवल्यावर जाळी बादलीत बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण पुसा, मगच पुढे जा. एकसारख्या दोन जाळ्या असतील तर काम अडत नाही. रंगात ५ टक्के रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) चालते. १० टक्क्यांच्या वर गेलात तर ठिपका दिवसभर चिकट राहील आणि त्यावर धूळ बसेल.

कूलर बंद करायची गरज नाही, तोंड भिंतीकडे वळवा. वाऱ्याचा झोत रंगावर आला तर ओल असूनही वरची साय पटकन धरते. पावसाळ्यात उलटी गत होते, ठिपके वाळतच नाहीत आणि जाळी परत ठेवताना आधीचे पुसले जातात. तेव्हा प्रत्येक वेळी केस वाळवायचे ड्रायर मंद आचेवर, एका हाताच्या अंतरावरून फिरवा.

जोड टाळायचा खरा उपाय म्हणजे जोडच नको. चेहरा साधारण ४० बाय ४५ सेंमी धरला तर त्याच्यापेक्षा मोठी, ४५ बाय ५० ची एकच जाळी करून घ्या. चेहऱ्यावर अडीच हजारांच्या आसपास ठिपके येतात. पत्रा सरकवत गेलात की दर वेळी अर्धा मिमी चूक धरली तरी चौथ्या ठिकाणी ती डोळ्यात भरते. कोनाचे तर विचारूच नका: एका अंशाने पत्रा फिरला की ४५ सेंमीच्या अंतरावर ठिपका जवळपास ८ मिमी सरकतो, म्हणजे अख्खी एक जागा.

पत्राच वापरायचा असेल तर लोहा ओळीतून (आपल्या लोखंडी सामानाच्या बाजारातून) घेताना उलटसुलट हात फिरवून बघा. भोक पाडताना एका बाजूला धार उभी राहते. गुळगुळीत बाजू कॅनव्हासकडे ठेवायची. आणि आधी थिनरने, मग साबणाने धुवा, कारखान्यातले तेल अंगावर असतेच.

रंगाचा अंदाज: पातळ हाताला चौरस मीटरला १०० मिली धरा. तुमचा कॅनव्हास ०.८१ चौरस मीटर. निळे केस पाव चौरस मीटर, दोन हात, म्हणजे ५० मिली. पिवळा आरपार दिसतो, त्याला तीन हात लागतात, ६० मिली. लाल ठिपक्यांना कागदोपत्री १० मिली पुरतात, पण फोम बराच पितो, ४० ची ट्यूब घ्या. ओठांनाही तोच लाल वापरा. काळा ४० मिली पुरे. जेसोचा अर्ध्या लिटरचा डबा.

चौकटीतला

जाळीकामभाऊंनी हाताचे सांगितले, मी चित्राचे सांगतो, कारण ठिपके सुबक आले तरी या प्रकारचे चित्र फसू शकते.

या शैलीचा मोठा नमुना म्हणजे अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनचे १९६३ चे 'ड्राउनिंग गर्ल'. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, आकार १७१.६ बाय १६९.५ सेंमी. मूळ चौकट डीसी या कॉमिक्स प्रकाशनाच्या 'सिक्रेट हार्ट्स' मासिकाच्या नोव्हेंबर १९६२ च्या, म्हणजे ८३ व्या अंकातली. चित्र टोनी अब्रुझोचे, अक्षरे आयरा श्नॅपची. या दोघांची नावे घेतलीच पाहिजेत, कारण चेहरा आणि लाट मुळात त्या अंकातली आहे. लिक्टनस्टाइनने काय केले ते बघण्यासारखे आहे. मूळ चौकटीत मागे उलटलेल्या होडीला धरलेला मुलगा आहे. तो त्याने काढूनच टाकला. मुलीच्या मनातल्या वाक्यात स्नायूत गोळा आल्याचा उल्लेख होता, तोही गाळला. मग पाणी, चेहरा, हात आणि हट्ट एवढेच उरले. लाटांचे वळण जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेकडे झुकवले.

तुमच्या चित्राला याचा उपयोग असा. फुटाळ्याचा कठडा, मागचे दिवे, लोक, यातले काहीही दाखवायची गरज नाही. 'फुटाळा' हा शब्द फुग्यात आहे, नागपूरकर वाचकाला तेवढा पुरतो. कठड्याची एक जाड आडवी रेघ ठेवा, तीही चेहऱ्यामागे अर्धी झाकलेली. कपाळ वरून कापा, हनुवटी खालून जवळजवळ कडेला टेकू द्या. चेहरा पूर्ण आणि मधोमध ठेवलात तर ते व्यक्तिचित्र होते, गोष्टीतली चौकट राहत नाही. बघणाऱ्याला वाटले पाहिजे की याच्या आधीचे पान आणि नंतरचे पान कुठेतरी आहे.

ठिपक्यांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. स्वस्त छपाईत फिकी छटा मिळवायला ठिपके वापरत. या ठिपक्यांना बेन-डे म्हणतात, ते नाव १८७९ मध्ये ही पद्धत काढणाऱ्या बेंजामिन डे यांच्यावरून आले. त्या काळच्या कॉमिक्समध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन रंग आणि प्रत्येकाच्या चार पायऱ्या असत: काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, सगळ्या मिळून ६४ छटा. गोऱ्या कातडीसाठी २५ टक्के पिवळा आणि २५ टक्के लाल एकमेकांवर छापत. पॉप आर्टमध्ये ते सोपे करून पांढऱ्यावर नुसता लाल ठिपका उरला. म्हणून तुमचा ३५ टक्क्यांचा चेहरा मूळ छपाईपेक्षा थोडा तापलेला दिसेल. मला तो चालेल, पण त्याच्या वर जाऊ नका. ६ मिमी भोक केलेत तर ५१ टक्के होते आणि चेहरा भाजल्यासारखा लाल दिसतो.

आणि गाल उठावदार करायला ठिपके लहान-मोठे करायचा मोह टाळा. भावना टोकाची आणि रंगवण्याची रीत यंत्रासारखी थंड, या दोन्हीच्या घर्षणावरच हे चित्र उभे आहे. गालावर छायाप्रकाश आला, केसात ब्रशचा फटकारा दिसला, की ते घर्षण गेले आणि नुसते रडणारी मुलगी उरली.

क्रम असा ठेवा: आधी पेन्सिल, मग ठिपके, मग सपाट रंग, सगळ्यात शेवटी काळी रेघ. ठिपके बाह्यरेषेच्या बाहेर ३-४ मिमी जाऊ द्या, काळ्या रेघेखाली जाऊन झाकले जातात. लिक्टनस्टाइन छोटे रेखाचित्र प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडून पुन्हा आखत असे. तुम्हीही तसेच करू शकता, फक्त रेखाचित्राच्या कोपऱ्यात १० सेंमीचा चौकोन काढा आणि कॅनव्हासवर पडलेल्या चौकोनाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. प्रोजेक्टर जरासा तिरपा असला की चेहरा खाली रुंद होतो आणि ते नुसत्या डोळ्याला कळत नाही.

एक फरक लक्षात असू द्या. तो मॅग्ना नावाचा रंग वापरत असे. तो वाळल्यावरही टर्पेंटाइनने निघतो, त्यामुळे नको असलेला भाग माग न ठेवता काढता येई. आपले पाण्यातले अ‍ॅक्रिलिक वाळले की निघत नाही, वरून पांढरा द्यावा लागतो आणि त्याची कड उजेडात दिसते. म्हणून दुरुस्त्या कागदावरच संपवा.

स्वतःची चौकट केलीत हे फार चांगले. लिक्टनस्टाइनचे निधन १९९७ चे आणि आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. अभ्यासासाठी नक्कल वेगळी, विकायला ठेवणे वेगळे.

अक्षरओळ

फुग्याबद्दल. पाटी वाटते कारण शिरोरेषा पट्टीने ओढलेली असते आणि अक्षरे ठळक असतात. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी लिपी, वरखाली काही नाही, म्हणून ओळी अगदी चिकटून बसतात. आपल्याला वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली, म्हणजे तीन मजले. तीच ओळींची दाटी ठेवली तर 'फु'चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

तुमच्या आकाराला मापे देतो. शिरोरेषेपासून पायापर्यंत २२ मिमी. वर ९, खाली ८, आणि ओळ ते ओळ ४५ मिमी. चार ओळी करा: फुटाळ्यावर / ये म्हणाला, / आणि स्वतःच / आला नाही! चार ओळींना १८ सेंमी उंची लागते. वरखाली प्रत्येकी ३ सेंमी मोकळे सोडले की फुगा २४ सेंमी उंच. रुंदी सगळ्यात लांब ओळीवरून ठरवा आणि दोन्ही बाजूंना ३ सेंमी सोडा. फुगा कमी पडला तर अक्षर लहान करू नका, फुगा कॅनव्हासच्या वरच्या कडेने कापा. कॉमिकमध्ये तसे सर्रास होते.

रेघेची जाडी ४ मिमी. ६ केलीत तर 'ळ' आणि 'ण' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते, 'ळ्या' तर काळा गोळा होतो. शिरोरेषा पेन्सिलने पट्टी लावून आखा, पण रंगवताना हाताने ओढा आणि प्रत्येक शब्दापाशी तोडा. किंचित थरथर राहिली पाहिजे, तिथेच पाटीपण जाते. जोर एकाच शब्दावर द्या, 'स्वतःच'. तो ५ मिमी जाड आणि ८-१० अंश उजवीकडे झुकलेला. बाकीचे सरळ.

बारीक गोष्ट: 'स्वतः'च्या विसर्गाचे दोन ठिपके गोल काढू नका. शेजारी गालावर शेकडो गोल ठिपके आहेत, त्यात विसर्ग हरवतो. बोरूने टेकवल्यासारखे तिरपे चौकोनी काढा.

फुगा बोलण्याचा की विचाराचा, तेही ठरवा. ती एकटी आहे, समोर कोणी नाही. मग ढगासारख्या कडेचा फुगा आणि डोक्याकडे उतरणारे तीन लहान होत जाणारे गोल. टोकदार शेपटी दिलीत तर ती कुणाला तरी ओरडून सांगते आहे असा अर्थ होतो. वाक्य बघता विचाराचा फुगाच योग्य.

संगणकावरचा टंक छापून गिरवू नका. अंदाजासाठी 'बालू'सारखा खुला टंक लावून ओळी कुठे तुटतात ते बघा, मग बाजूला ठेवा.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगा विचाराचाच करते. दोन गोष्टी अजून विचारते. ४५ बाय ५० ची जाळी रेडियमवाल्याकडून (चिकट स्टिकरच्या शीटमध्ये) कापून घेऊ की लेझरवाल्याकडून? आणि डोळा, अश्रू आणि ओठ यांच्याजवळ ठिपके कसे थांबवायचे? जाळी तर सगळीकडे सारखीच पडणार.

जाळीकाम

लेझर, आणि २५० मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट. साधी ओएचपी शीट १०० मायक्रॉनची असते, धुताना मुडपते. रेडियम चिकटते म्हणून कडा छान येतात, पण एकदाच वापरता येते, अडीच हजार गोल सुईने उचलावे लागतात, आणि काढताना जेसोसकट रंग उपटला जाऊ शकतो. एक सावधगिरी: रेडियमची शीट पीव्हीसीची असते, ती लेझरखाली कधीही घालायला सांगू नका. क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो आणि यंत्रही गंजते. रेडियम पात्याच्या प्लॉटरवरच कापायचे.

फाइलमध्ये गोल ४.८ मिमीचा काढा, लेझरचा किरण उरलेले खातो. एका ओळीतले अंतर ८ मिमी, दोन ओळींमधले ६.९३ मिमी, आणि एक आड एक ओळ ४ मिमी सरकवलेली. कापून आल्यावर भोकांच्या कडेला वितळलेली बारीक किनार असते, ती ४०० च्या पेपरने सपाट करा, नाहीतर शीट कॅनव्हासला टेकतच नाही. मागे फवाऱ्याचा हलका, पुन्हा निघणारा गोंद मारा आणि दोन मिनिटे थांबून मगच चिकटवा.

ठिपके थांबवायला जाळीच्या खाली झाकण लागते. डोळ्याचे पांढरे, अश्रू, दात आणि ओठ यांचे आकार कमी चिकट मास्किंग फिल्ममध्ये कापून आधी कॅनव्हासवर बसवा, कडा नखाने दाबा, कडेवरून मॅट मीडियमचा (रंग नसलेल्या अ‍ॅक्रिलिकचा) एक पातळ हात फिरवा. फटीत जे शिरायचे ते मीडियम शिरते, ते पारदर्शक असते, लाल मागे राहतो. मग वरून जाळी. चेहऱ्याबाहेरच्या भागाला वर्तमानपत्र आणि टेप पुरे.

अश्रूपाशी अर्धे कापलेले ठिपके येतील, ते तसेच राहू द्या. ठिपका अश्रूच्या कडेला धारदार कापला गेला की अश्रू गालाच्या पुढे आलेला दिसतो. सावली न घालता खोली मिळते. पण पाव ठिपक्याहून लहान तुकडा उरला तर तो डाग वाटतो, तेवढे पांढऱ्याने मिटवा. अश्रूच्या आत काहीही नको, फक्त भोवती ३ मिमीची काळी रेघ, खालच्या बाजूला जरा जाड.

ती रेघ आणि बाकीच्या सगळ्या रेघा लांब केसांच्या लायनर ब्रशने. काळ्यात १५ टक्के पाणी चालते, इथे जाळी नाही. हाताखाली पाटी रंगवणारे पेंटर धरतात तशी काठी घ्या. रेघ एका ओढीत जाडबारीक करायला जाऊ नका, दोन्ही कडा वेगळ्या ओढून मधले भरा. भुवई आणि केसांच्या वळणावर १२-१४ मिमीपर्यंत जाडी जाऊ द्या, नाकाशी ४.

चौकटीतला

व्हार्निशचे राहिले. काळा वाळल्यावर किमान तीन दिवस थांबा, मग पाण्यातले मॅट व्हार्निश, दोन पातळ हात. चकचकीत नको, खिडकीचा उजेड निळ्या केसांवर पडला की सपाटपणा जातो. पावसाळ्यात दमट दिवशी व्हार्निश करू नका, दुधाळ झाक धरते.

आणि प्रदर्शनाला नेताना बबल रॅप थेट चित्रावर गुंडाळू नका. उन्हात उभ्या गाडीत अ‍ॅक्रिलिक मऊ होते आणि बबलचे गोल ठसे रंगावर उमटतात. या चित्रावर ते ठिपक्यांत असे मिसळतील की पुन्हा वेगळे करता येणार नाहीत. आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर, वर पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.